उत्तर आलं, पण ते बरोबर कशावरून?

या महिन्याच्या टपालात कॉम्प्युटेशनल फिजिक्सबद्दलची, म्हणजे भौतिकशास्त्राचे प्रश्न कॉम्प्युटरवर आकडेमोड करून सोडवायच्या विषयाबद्दलची पत्रं जास्त आहेत. हा विषय बी.एस्सी.च्या वर्गापर्यंत आला आणि शिकवणारे आणि शिकणारे दोघांचीही धांदल उडाली, हे पत्रांवरून कळतं. मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बरीच वर्षं तो शिकवते आहे. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवून या खेपेला याच पत्रांना जागा देते.

प्रश्न : मी एका तालुक्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. यंदा टी.वाय.चं कॉम्प्युटेशनल फिजिक्सचं प्रॅक्टिकल माझ्याकडे आलंय. बॅचमध्ये २२ मुलं, चालू कॉम्प्युटर ९. निम्म्या मुलांनी आजवर एकही प्रोग्रॅम लिहिलेला नाही. गेल्या वर्षीची जर्नल्स चाळली तर सगळ्यांचे प्रोग्रॅम एकसारखे, अगदी स्पेलिंगच्या चुकांसकट. सुरुवात कुठून करू? पायथन घेऊ की सी?
— एक प्राध्यापिका, लातूर जिल्हा

उत्तर : मॅडम, प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा प्रश्न आधी उरकून घेऊ. अभ्यासक्रमात सक्ती नसेल तर पायथन घ्या. फुकट आहे, आलेख चार ओळींत निघतो आणि गूगल कोलॅब या ऑनलाइन सोयीवर मोबाइलच्या ब्राउझरमध्येही चालतं. नऊ कॉम्प्युटरच्या लॅबला हा मोठा आधार आहे. सी किंवा फोरट्रान नेमून दिली असेल तरी बिघडत नाही. हवामानाची मोठमोठी मॉडेल्स आजही फोरट्रानवर चालतात. फक्त भाषेवर दोन आठवड्यांपेक्षा जास्त घालवू नका. लूप, इफ, लिस्ट, फंक्शन आणि आलेख एवढं जमलं की लगेच फिजिक्सकडे वळा. नाहीतर अर्धं सत्र मूळ संख्या शोधण्यात आणि फॅक्टोरियल काढण्यात जातं.

पहिल्या प्रॅक्टिकलला कॉम्प्युटर बंद ठेवा. फळ्यावर स्प्रिंगला लावलेलं वजन काढा. आकडे सोपे राहावेत म्हणून वस्तुमान १ आणि स्प्रिंगचा स्थिरांक १ धरा, म्हणजे त्वरण बरोबर उणे स्थान. सुरुवातीला स्थान १, वेग ०. वेळेचं पाऊल, म्हणजे एका हिशेबापासून पुढच्या हिशेबापर्यंतचा वेळ, ०.१ सेकंद. प्रत्येकाच्या हातात कॅल्क्युलेटर आणि वहीत चार रकाने: वेळ, स्थान, वेग, आणि चौथ्यात स्थानाचा वर्ग अधिक वेगाचा वर्ग, म्हणजे ऊर्जेची दुप्पट.

करायचं एवढंच. नवं स्थान म्हणजे जुन्या स्थानात जुना वेग गुणिले ०.१ मिळवायचा. नवा वेग म्हणजे जुन्या वेगातून जुनं स्थान गुणिले ०.१ वजा करायचं. पहिल्या पावलानंतर स्थान १ च राहतं, वेग उणे ०.१ होतो. दुसऱ्यानंतर स्थान ०.९९, वेग उणे ०.२. आता चौथा रकाना बघा: १, मग १.०१, मग १.०२०१. घर्षण नाही, बाहेरून कुणी ढकलत नाही, तरी ऊर्जा वाढतेय. मागच्या बाकावरून कुणीतरी "मॅडम, काहीतरी चुकतंय" म्हणेपर्यंत थांबा, तुम्ही आधी सांगू नका. मुलं पहिल्यांदा आपापली बेरीज तपासतात, मग शेजारच्याची वही बघतात, आणि सगळ्यांचं तेच आलंय म्हटल्यावर वर्ग गप्प होतो. त्या शांततेनंतर पहिला प्रश्न येतो की ही ऊर्जा आली कुठून. त्या दिवशी एवढंच झालं तरी तास सार्थकी लागला असं मी समजते.

माझ्या मते या विषयात शिकवायची मुख्य गोष्ट एकच आहे: आलेलं उत्तर बरोबर आहे हे ठरवायचं कशावरून. लॅबमध्ये आपण व्हर्नियरचा लीस्ट काउंट विचारतो, तीन रीडिंग घ्यायला लावतो, झीरो एरर बघायला सांगतो. तोच मुलगा कॉम्प्युटरवर आलेले दशांश चिन्हापुढचे बारा आकडे जर्नलमध्ये जसेच्या तसे उतरवतो आणि आपण खाली सही करतो. हे मला मनापासून खटकतं. प्रोग्रॅम चालवणं हाही प्रयोगच आहे आणि त्यालाही त्रुटी असते, ती मांडल्याशिवाय जर्नल सर्टिफाय करू नये.

नक्कल थांबवायचा सोपा मार्ग म्हणजे प्रत्येकाचे आकडे वेगळे ठेवणं. दोलकाचा प्रोग्रॅम असेल तर लांबी ५० सेंटिमीटर अधिक रोल नंबरइतके सेंटिमीटर. मग शेजाऱ्याचं उत्तर उतरवून भागत नाही. जर्नलचं डावं कोरं पान हाताने लिहायला राखून ठेवा. प्रोग्रॅम चालवण्याआधी त्यावर अंदाज लिहायचा (आलेख साधारण कसा येईल, आकडा कुठल्या घरात असेल) आणि चालवल्यावर तिथेच तपासणी लिहायची. निम्मे गुण डाव्या पानाला द्या. नऊ कॉम्प्युटरवर दोघांतिघांची जोडी बसेल. एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने कागदावरच्या पहिल्या तीन ओळी पडद्यावरच्या आकड्यांशी ताडायच्या, आणि दर प्रॅक्टिकलला जागा बदलायची. व्हायव्हाला प्रोग्रॅमच्या ओळी म्हणून घेऊ नका. "पाऊल दुप्पट केलं तर चूक वाढेल का, किती? आधी सांग, मग चालव," एवढं विचारलं की कुणी स्वतः केलंय ते लगेच कळतं.

मुलं हिरिरीने भांडतील असा एक तरी विषय ठेवा. मी क्रिकेटचा चेंडू घेते. वस्तुमान सुमारे ०.१६ किलो, त्रिज्या ३.६ सेंटिमीटर, हवेची घनता १.२ आणि विरोधाचा गुणांक ०.५ धरला, तर सेकंदाला ३० मीटर वेगाने जाणाऱ्या चेंडूवर हवेचा विरोध सुमारे १.१ न्यूटन भरतो. चेंडूचं वजन आहे १.६ न्यूटन. म्हणजे अकरावीपासून "हवेचा विरोध नगण्य मानू" म्हणत आलेलो ते बल वजनाच्या दोन तृतीयांशाहून जास्त निघालं! ४५ अंशांत सेकंदाला ३५ मीटर वेगाने मारलेला फटका पुस्तकी सूत्राने १२५ मीटर जातो. हवा धरली की तो ७५ मीटरच्या आसपास पडतो. सीमारेषा ६० ते ८० मीटरवर असते, तेव्हा यातला कुठला आकडा मैदानावरचा, हे मुलांना सांगावं लागत नाही. इथे विरोध वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे पल्ल्याचं सुटसुटीत सूत्र मिळत नाही, म्हणून कॉम्प्युटर खरोखर लागतो. मात्र हवा चालू करण्याआधी गुणांक शून्य ठेवून १२५ येतात की नाही ते बघायला लावा. ते आले नाहीत तर ७५ वर विश्वास ठेवायचं कारण नाही.

प्रश्न : मॅडम, मी टी.वाय.ला आहे. स्प्रिंगच्या वजनाचा प्रोग्रॅम केला, पण आलेख वरखाली होताना पसरत जातो. प्रोग्रॅममध्ये चूक सापडत नाही. मित्र म्हणाला पाऊल लहान कर. ०.१ चं ०.०१ केलं तर बराच सुधारला. मग एकदम दशांशानंतर सात शून्यं देऊन टाकली तर?
— एक विद्यार्थी, चाळीसगाव

उत्तर : तुझी टायपिंगची चूक नाही, ऑयलरची साधी पद्धतच तशी वागते. वरच्या पत्राच्या उत्तरात जे चार रकाने दिलेत तेच तुझ्या प्रोग्रॅममध्ये आहेत. नवं स्थान आणि नवा वेग यांचे वर्ग करून बेरीज कर. मधली पदं एकमेकांना कापतात आणि उरतं ते असं: नवी ऊर्जा म्हणजे जुनी ऊर्जा गुणिले (१ + पावलाचा वर्ग). पाऊल ०.१ असेल तर दर पावलाला ऊर्जा बरोबर एक टक्क्याने वाढते, चक्रवाढ व्याजासारखी. १० सेकंदांत १०० पावलं होतात आणि ऊर्जा २.७ पट. पाऊल ०.०१ केलंस तर तेवढ्याच वेळात १.१ पट, ०.००१ ला १.०१ पट. आलेख सुधारलेला दिसतो, पण वाढ थांबलेली नसते. जास्त वेळ चालवलंस की पुन्हा पसरेल.

सात शून्यं दिलीस तर १० सेकंदांसाठी १०० कोटी पावलं टाकावी लागतील. पायथनचा साधा लूप त्यावर ताटकळत बसेल. शिवाय कॉम्प्युटर एका संख्येचे साधारण १६ सार्थ अंक लक्षात ठेवतो. पायथनला विचारून बघ: १ मध्ये दहाचा उणे सोळावा घात मिळवला तर उत्तर १ च येतं, मिळवलेलं दिसतसुद्धा नाही. पाऊल फार बारीक केलं की हे गाळलेले अंक साचायला लागतात. म्हणजे पाऊल मोठं असलं तर पद्धतीची चूक जास्त आणि अतिलहान असलं तर आकडेमोडीची, आणि मधे कुठेतरी त्या प्रश्नापुरतं योग्य पाऊल असतं. ते शोधायची रीत अशी: पाऊल निम्मं कर आणि उत्तर किती हललं ते बघ. तुला हव्या तितक्या दशांशांपर्यंत हललं नाही, तर तिथे थांब.

आता खरा उपाय. तुझ्या लूपमध्ये आधी स्थान बदलतं, मग जुनं स्थान वापरून वेग. त्याऐवजी असं लिही:

त्वरण = -स्थान
वेग = वेग + त्वरण * पाऊल
स्थान = स्थान + वेग * पाऊल

आधी वेग बदलायचा, आणि स्थान बदलताना हा नवा वेग वापरायचा. एवढ्याने आलेख पसरायचा थांबतो. १९८१ मध्ये ॲलन क्रोमर यांनी ही रीत 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये मांडली. एका शाळकरी मुलीच्या प्रोग्रॅममध्ये ओळींची अदलाबदल झाली होती, तिथून ती त्यांच्यासमोर आली. आज तिला ऑयलर-क्रोमर म्हणतात. पसरत का नाही, ते कागदावर करून बघ. या पद्धतीत ऊर्जा अगदी स्थिर नसते, ती थोडी वरखाली डुलते. पण स्थानाचा वर्ग अधिक वेगाचा वर्ग उणे (पाऊल × स्थान × वेग) ही राशी प्रत्येक पावलाला जशीच्या तशी राहते. सिद्धता चार ओळींची आहे. ती स्वतः करशील तेव्हा मिळणारा आनंद मला तुझ्याकडून हिरावून घ्यायचा नाही, म्हणून इथे देत नाही.

ऊर्जा सांभाळली म्हणजे सगळं बरोबर आलं, असं मात्र धरू नकोस. पाऊल ०.१ असताना या पद्धतीत आवर्तकाल खऱ्यापेक्षा सुमारे ०.०४ टक्के कमी येतो. शंभर आंदोलनांनंतर तुझं वजन खऱ्या वजनाच्या साधारण १५ अंश पुढे गेलेलं असेल. ऊर्जेच्या आलेखात हे कधीच दिसणार नाही, ते कोसाइनच्या आलेखावर तुझा आलेख ठेवला तरच दिसेल. चौथ्या क्रमाची रुंगे-कुट्टा पद्धत पुढे शिकशील. ती फार अचूक आहे, पण तिच्यात ऊर्जा अगदी हळूहळू गळते. काय सांभाळायचं आणि किती वेळ, यावर पद्धत निवडायची.

प्रश्न : मी ३० वर्षं फिजिक्सची प्रॅक्टिकल्स घेतली. नातू टी.वाय.ला आहे. तो चॅटबॉटला विचारतो आणि मिनिटभरात प्रोग्रॅम तयार. मग मुलांनी शिकायचं काय? दुसरी भीती अशी की या विषयापायी हाताने करायचे प्रयोग मागे पडतील. पडद्यावर दोलक हलवणं याला फिजिक्स म्हणायचं का?
— एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : सर, तुमच्या दोन्ही शंका मला एकाच प्रश्नाच्या वाटतात. प्रयोगांचे तास कापून हा विषय बसवायला माझा ठाम विरोध आहे, आणि त्याचं कारण तुमच्या पहिल्या शंकेतच आहे.

आमच्या वर्गातलं उदाहरण देते. एक मीटर लांबीचा दोलक ६० अंशांतून सोडायचा आणि कोन-काळाचा आलेख काढायचा. चॅटबॉटच्या प्रोग्रॅममध्ये एका मुलाने सुरुवातीचा कोन म्हणून ६० टाकले. प्रोग्रॅम चालला, एरर नाही, आलेख छान लाटांचा. पण संगणकाचं साइन फंक्शन अंशांत नाही, रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककात चालतं. ६० रेडियन म्हणजे दोलक नऊ फेऱ्या गरगर फिरवून जवळजवळ डोक्यावर उलटा धरल्यासारखा. खालच्या स्थिर जागेपासून १६२ अंशांवर! आलेखाची मधली रेघ शून्यावर नव्हती, ६२.८ वर होती. आवर्तकाल चार सेकंदांच्या वर गेला होता. ज्या मुलांनी आदल्या आठवड्यात दोरीला वजन बांधून स्टॉपवॉच लावलं होतं ती लगेच म्हणाली, एक मीटरचा दोलक दोन सेकंदांत येतो, चार लागतीलच कसे? ही शंका हाताने प्रयोग केल्याशिवाय कुठून येणार? प्रोग्रॅम चॅटबॉटने लिहिला की मुलाने, याने मला फार फरक पडत नाही. त्याला अशी शंका येते का, एवढं मी बघते. म्हणून आता मी मुद्दाम बिघडवलेले प्रोग्रॅम देते आणि चूक शोधायला लावते.

त्याच दोलकावर दोन्ही लॅब एकत्र आणता येतात. पुस्तकी सूत्राने एक मीटरच्या दोलकाचा आवर्तकाल २.०१ सेकंद. ६० अंशांतून सोडला तर नेमकं उत्तर २.१५. दहा आंदोलनांत जवळपास दीड सेकंदाचा फरक, साध्या स्टॉपवॉचवर स्वच्छ दिसणारा. प्रत्यक्षात झोका कमी होत जातो म्हणून फरक थोडा कमी भरतो. मग मुलं प्रोग्रॅममध्ये हवेचा विरोध घालतात, मोबाइलवर व्हिडिओ काढून कोन मोजतात, पुन्हा ताडून बघतात. अशा वेळी कुठली लॅब कुठे संपते ते विचारावंसंही वाटत नाही.

आणि हे फिजिक्स आहे का? माझ्या मनात याबद्दल तिळमात्र शंका नाही. १९५५ च्या अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या अहवालात फर्मी, पास्ता आणि उलाम या शास्त्रज्ञांनी स्प्रिंगांनी जोडलेल्या कणांची साखळी मॅनियाक संगणकावर चालवल्याचं लिहिलं. प्रोग्रॅम मेरी त्सिंगू यांनी लिहिला होता. ऊर्जा हळूहळू सगळ्या प्रकारच्या कंपनांत वाटली जाईल अशी अपेक्षा होती, पण ती फिरून जवळपास पूर्णपणे पहिल्याच कंपनात परत आली. कुणी न मागितलेलं हे उत्तर पुढे कितीतरी संशोधनाचं मूळ ठरलं.

आपल्या हैदराबादचे अनिसूर रहमान यांचं काम मला याहून जवळचं वाटतं. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या आर्गॉन (Argonne) प्रयोगशाळेत त्यांनी संगणकावर द्रवरूप आर्गॉन (argon) वायूचे ८६४ अणू घेतले, ९४.४ केल्विन तापमानाला, आणि न्यूटनचे नियम लावून एकेक पाऊल पुढे नेले. मुलं वहीत एका वजनाचं करतात, तेच. अणू एकमेकांभोवती कसे मांडलेले असतात आणि किती वेगाने विसरण पावतात, म्हणजे मूळ जागेपासून दूर पसरत जातात, हे त्यांनी काढलं, आणि प्रयोगांतून मिळालेल्या आकड्यांशी ताडून बघितलं. ते ताडून बघणं होतं म्हणून जगाने त्यावर विश्वास ठेवला. अमेरिकन फिजिकल सोसायटीचा या विषयातला मोठा पुरस्कार आज त्यांच्या नावाने दिला जातो. नातवाला हे जरूर सांगा, आणि एक संध्याकाळ दोघं मिळून दोरी आणि वजन घेऊन बसा. तुमच्या ३० वर्षांच्या हाताला जे कळतं ते त्याला कुठल्याच पडद्यावर मिळणार नाही.

प्रश्न : मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. एस.वाय.ला पायथन आहे. लाल अक्षरांत इंग्रजी एरर आली की मी घाबरते आणि सगळं पुसून टाकते.
— एक विद्यार्थिनी, नंदुरबार जिल्हा

उत्तर : पुसू नकोस. ती लाल अक्षरं खालून वर वाचायची. सगळ्यात खालच्या ओळीत काय बिघडलं ते असतं आणि तिच्या वर कुठल्या क्रमांकाच्या ओळीत ते. सुरुवातीला दोनतीनच प्रकार पुन्हा पुन्हा भेटतात. नेम एरर म्हणजे तू वापरलेलं नाव आधी कुठे दिलेलंच नाही, किंवा स्पेलिंग बदललंय. इंडेंटेशन एरर म्हणजे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा चुकली. सिंटॅक्स एरर आली तर त्या ओळीतला कंस किंवा कोलन बघ, आणि तिथे काही सापडलं नाही तर तिच्या वरच्या ओळीत बघ. एक वही कर, आलेली एरर डावीकडे आणि तुला सापडलेलं कारण उजवीकडे मराठीत लिही.

चलांची (व्हेरिएबलची) नावं देवनागरीत दिलेली पायथनला चालतात. स्थान, वेग आणि पाऊल यांना आधी सुरुवातीचे आकडे दिलेस की चाळीसगावच्या मुलाला दिलेल्या तीन ओळी तशाच्या तशा चालतील. फॉर, इफ, प्रिंट हे शब्द आणि प्रोग्रॅममधले आकडे मात्र इंग्रजीतच टाइप करावे लागतात. सुरुवातीला विचार मराठीत स्वच्छ होऊ दे, परीक्षेच्या वेळी नावं इंग्रजी करायला कितीसा वेळ लागतो?

आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे छोटे व्हिडिओ फुकट आहेत, आणि त्यांतले कितीतरी मराठीत आहेत. ते नुसते बघून जाऊ नकोस. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ आणि अर्ध्यावर तुझा प्रोग्रॅम ठेव, दर वाक्याला थांबव, तेवढंच स्वतः टाइप कर, चालव, आणि मगच पुढे जा.